येतानाचं जेवण

श्रीखंडाचा डबा कितीही घासला तरी श्रीखंडाला सोडत नाही. प्लास्टिक हाताला गुळगुळीत लागतं, पण वेलचीच्या तेलाला आत शिरायला त्यात पुरेशी जागा असते, आणि एकदा शिरलेलं तेल पुढे कित्येक महिने, डब्यात जे ठेवाल त्याला थोडा थोडा वास देत राहतं. इरावतीने झाकण उघडलं. आत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. डोळ्यांना दिसत होत्या, बोटांना लागत होत्या. नाक मात्र गुढीपाडवा म्हणत होतं. तिने झाकण लावलं, थोडी थांबली आणि पुन्हा उघडलं. महाडच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतलेल्या बाईला एकदा घेतलेल्या वासावर विसंबता येत नाही. पुन्हा गुढीपाडवाच.

टेबलावर आणखीही बरंच काही होतं. आइस्क्रीमच्या चौकोनी डब्यात खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईंच्या खजुराच्या वड्या. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत कुणाचा तरी पोह्यांचा चिवडा. तुपाच्या प्लास्टिकच्या बरणीत शेंगदाण्याची चटणी. कुणाच्या तरी लग्नातल्या मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चकल्या, आणि खोक्यावर अजून त्या नवरानवरीची नावं. उद्या सकाळी तिला मुंबईला निघायचं होतं. तिथून विमानाने चेन्नई, चेन्नईहून दुसऱ्या विमानाने सिंगापूर, मुलाकडे. दोन्ही विमानं स्वस्तातली, आणि स्वस्तातल्या विमानात जेवण देत नाहीत ही बातमी आळीत पसरायला एक संध्याकाळ पुरली होती. बाईमाणसाला उपाशी नेतात म्हणजे काय? सिंगापूर म्हणजे काय बिरवाडी आहे? आठवडाभर माणसं जिने चढत होती. इरावती सगळ्यांना चहा करून देत होती, सगळं ठेवून घेत होती. आणि आत्ता, शेवटच्या दुपारी, सगळं एका जागी मांडल्यावर तिच्या लक्षात आलं की एवढ्या पसाऱ्यात स्टीलचं काहीच नाही.

तिने पुन्हा पाहिलं. नव्हतं. एकही डबा, एकही वाटी, एकही झाकण. महाडात कोणी कोणाला प्लास्टिकमधून काही देत नाही. स्टीलमधून देतात, आणि त्या स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, म्हणजे डबा कोणाकडेही गेला तरी कोणाचा आहे ते त्याला स्वतःलाच ठाऊक असतं. तो डबा परत जातो. जाताना रिकामा जात नाही. त्यात काही ना काही घालायचं, अगदी नाही तर चिमूटभर साखर, आणि मग तोच डबा पुन्हा कधीतरी भरून येतो. असं करत करत काही डबे मालकाच्या घरी नावापुरतेच राहतात. प्लास्टिक देतात ते निराळ्यांना. वऱ्हाड परत निघालं की त्यांना. बदली होऊन चाललेल्या साहेबांना. ज्यांच्याकडून डबा परत यायची आशा नसते अशांना. कोणी ठरवलेलं नसतं, कोणी बोलत नाही, पण हात बरोबर त्याच डब्याकडे जातो. म्हणजे आळीतल्या एवढ्या हातांनी, एकमेकांना न विचारता, एकच निष्कर्ष काढला होता. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या प्रयोगाचं उत्तर एकच आलं तर ते खरं मानायचं, असं ती स्वतःच वर्गात सांगत असे. इरावतीबाई परत येत नाहीत. सगळ्यांना कळलं होतं. तिलाच कोणी सांगितलं नव्हतं.

खरं म्हणजे मुलाने, रुचिरने, सांगितलं होतं, पण त्याच्या पद्धतीने. मागच्या रविवारी त्याचा फोन आला. सुनेचे, दिशाचे, दिवस भरत आले होते, डॉक्टर काय म्हणाले ते झालं, लांब मुदतीचं राहण्याचं परवानगीपत्र झालं ते झालं, आणि मग त्याने विचारलं, “आई, तुला काय खायचंय?” इरावतीच्या हातात रिसीव्हर होता. तिने तो दुसऱ्या हातात घेतला. तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. “कुठे?” “विमानात. फुकट काही मिळत नाही त्यात, पण आधी सांगून ठेवलं तर गरम जेवण देतात. व्हेज नूडल्स आहेत, बिर्याणी आहे, सँडविच आहे. काय सांगू?” “काहीही सांग.” “काहीही असं काही नाहीये त्यात.” “तुम्ही काय घेता?” “आई, आम्ही नाही आहोत तुझ्याबरोबर.” “मग जे उरत असेल ते सांग.” रुचिर हसला, पण जरा जपून, आजारी माणसापाशी हसतात तसं. “विमानात उरत नाही काही. मोजून असतं.” हे तिला पटलं नाही. जिथे माणसं जेवतात तिथे उरतं, आणि जे उरतं ते कोणीतरी संपवायचं असतं. घरोघरी ते कोणी संपवायचं हे ठरलेलं असतं. उरलेल्या आमटीचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, पण आपल्याला काय आवडतं या प्रश्नाचं उत्तर त्या आमटीत कुठेतरी विरघळून गेलं होतं, आणि विरघळलेलं परत काढायचं तर पाणी उडून जावं लागतं. “बघते, सांगते,” ती म्हणाली. आणि मग, पदार्थांची नावं दोन्ही वेळेला तीच असतात का एवढंच कळावं म्हणून तिने विचारलं, “आणि येताना?”

फोनमध्ये मागे कुठेतरी पंखा फिरल्याचा आवाज येत होता. “येतानाचं आत्ता कशाला आई? तू आधी ये तर.” तेव्हा तिला कळलं की तिकीट एकाच बाजूचं आहे. तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “बरं. तिकडे पंखा लागतो का आत्ता?”

जेवणाचं सांगायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. रुचिर ऑफिसातून घरी आला की फोन करणार होता. घड्याळाकडे बघायचं नाही असं इरावतीने ठरवलं आणि ती चिवड्याच्या पिशवीची गाठ सोडवू लागली. गाठ फार घट्ट होती. चिवडा टिकणारा होता. गेल्या काही दिवसांत तिने प्रत्येक पदार्थाचा एक तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर बशीत ठेवून, मधूनमधून हुंगून पाहिला होता, आणि घावन सोडून बाकी सगळे पास झाले होते. घावनात पाणी जास्त. प्रवासात नेण्याच्या आपल्या सगळ्या पदार्थांची मेख तीच आहे, त्यातलं पाणी आधी काढून टाकलेलं असतं. भाजा, तळा, वाळवा, मग कुठेही न्या. पण कुठेही नेता येत नव्हतंच. कारण रुचिरने जाता जाता हेही सांगितलं होतं की त्या विमानात बाहेरचे पदार्थ खायला मनाई आहे. हॉटेलात पाटी असते तसं. हे तिने कमळाबाईंना सांगितलं तेव्हा त्या वड्या घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. “बाहेरचे म्हणजे?” कमळाबाई म्हणाल्या, “तुम्ही तर घरचे नेताय.” हा मुद्दा विमान कंपनीच्या लक्षात आला नसावा. इरावती त्यावर दोन दिवस विचार करत होती. एवढ्या उंचीवर, जिथे बाहेर श्वास घ्यायलाही पुरेसं काही नाही, तिथे बाहेरचं म्हणजे नेमकं काय? “आणि लोणचं?” कमळाबाईंनी विचारलं. लोणच्याचं आणखी अवघड होतं. हातातल्या पिशवीत पातळ पदार्थ न्यायचे नाहीत. आंब्याची फोड घन, तेल द्रव, आणि खार? खार बरणी आडवी केली तर वाहतो, उभी केली तर राहतो. “तुम्ही शिकवत होतात ना हे?” कमळाबाई म्हणाल्या. “लोणचं नव्हतं अभ्यासक्रमात,” इरावती म्हणाली. कमळाबाईंना त्यात विनोद दिसला नाही. त्या उठून खिडकीपाशी गेल्या होत्या आणि चौकटीवर हात पसरून वीत टाकत होत्या. एक वीत, दुसरी वीत. इरावती बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात खिडकीवरच ठेवला, जणू वारा किती येतो ते पाहत होत्या. “आमच्या अस्मिताचे पडदे आहेत तिकडे, पांढरे. पोरगी रोज माणगावहून इथल्या शाळेत शिकवायला येते हो, दमते. पण घाई नाही. तुम्ही गेल्यावरच.” मग त्यांनी फार प्रेमाने म्हटलं, “तुम्ही नशीबवान हो इरावतीबाई. शेवटी मुलाच्या ताटातच जेवायचं असतं.” आणि जाताना फडताळातली तूरडाळ, साखर, रवा, पोहे आणि चहाची पावडरसुद्धा, “आता किडे होतील उगाच,” म्हणून घेऊन गेल्या. स्टीलच्या डब्यातून घेऊन गेल्या, इरावतीच्याच. ते परत येतील असं इरावतीला वाटत नव्हतं. चहाची पावडर मात्र तिने दुसऱ्या दिवशी खाली जाऊन एक वाटी मागून आणली.

मुलाच्या ताटात. नवऱ्याच्या, गंगाधररावांच्या, ताटात ती जेवली नव्हती, पण ते जेवल्यावर जेवली होती. गंगाधरराव पाटबंधारे खात्यात होते, अंगाने काडी, घरी दोन भाकऱ्यांवर तिसरी घेत नसत. पण गाडीत बसले की त्यांच्यात काहीतरी बदल होई. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं महाबळेश्वरला निघाली तेव्हा इरावतीच्या आईने दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि गुळपापडीच्या वड्या असा मोठा डबा दिला होता, वर पोचल्यावर निवांत खायला. एस.टी.ने महाडचा स्टँड सोडून हमरस्त्याला वळण घेतलं आणि गंगाधरराव म्हणाले, “जरा उघड बघू, भाजीला तेल सुटलंय की काय.” तेल सुटलं नव्हतं. ते बघता बघता एक दशमी गेली. मग भाजी एकटी राहील म्हणून दुसरी. सावित्रीच्या काठाकाठाने रस्ता वळत होता, ते नवी गावं दाखवावीत तशी तिला नदीची वळणं दाखवत होते आणि प्रत्येक वळणाला घास घेत होते. पोलादपूर आलं तेव्हा डब्यात गुळपापडीचा चुरा होता. तिथे गाडी थांबली म्हणून ते उतरले आणि वडा खाऊन आले, कारण स्टँडवरचा वडा चुकवायचा नसतो. पुढे आंबेनळी घाट लागला. एका बाजूला दरी, पोटात काही नाही, आणि पोटात काही नाही म्हणून उलटीही होईना. वर पोचल्यावर गार वाऱ्यात उभं राहून त्यांनी काळजीने विचारलं होतं, “तुला भूक लागली होती का गं?” नवीन लग्न झालेलं. ती म्हणाली, “नाही.” पुढचा सगळा संसार त्या ‘नाही’वर उभा राहिला. त्या गृहस्थाचा त्यात काही दोष नव्हता, त्यांनी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. मिळालेल्या उत्तरावर माणूस विश्वास ठेवतो. तिच्या हातची कुठलीच शिदोरी पुढे कधी पोलादपूरच्या पलीकडे गेली नाही, आणि सिंगापूर तर किती पलीकडे.

भूक लागते हे तिला कळलं ते गंगाधरराव गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. एका दुपारी ती वाचत बसली होती आणि पोटात काहीतरी ओढ लागली. आधी तिला वाटलं आम्लपित्त. मग लक्षात आलं, ही भूक आहे, आणि ती कोणाची वाट बघत नाहीये. साडेचार वाजले होते. साडेचार ही काही जेवायची वेळ नव्हे. तिने पिठलं टाकलं, तव्यावर भाकरी टाकली, ताट घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली आणि कौलांच्या पलीकडे चमकणाऱ्या नदीकडे बघत सगळं जेवण उभ्याने जेवली. सकाळी चहा, दुपारी काही तरी तोंडात टाकायचं, आणि साडेचारला जेवण. तेव्हापासून हे तिचं व्यसन झालं होतं. त्या वेळेला सगळं महाड चहा पीत असतं, कोणाला संशय येत नाही. दोनदा कमळाबाई अचानक वर आल्या तेव्हा तिने पिठल्याच्या कढईवर वर्तमानपत्र पसरलं होतं, आणि कमळाबाई वर्तमानपत्रातून येणारी वाफ बघत बोलत राहिल्या होत्या. यात सुख होतं असं ती कोणाला सांगू शकली नसती. सून वाईट असती तर सांगता आलं असतं. दिशा फार चांगली मुलगी होती. ती फोनवर म्हणाली होती, “आई, आता तुम्हाला एकटीने जेवावं लागणार नाही. आम्ही रोज साडेसातला सगळे एकत्र बसतो.” एवढ्या मायेने दिलेल्या धमकीला उत्तर काय देणार? इरावतीला बाळ बघायचं होतं. बाळाच्या टाळूला तेल लावायचं होतं, दिशाला अळिवाची खीर करून घालायची होती, ते सगळं ती आनंदाने करणार होती. पण मग? बारसं झाल्यावर, बाळ मान धरू लागल्यावर, रोज साडेसात. मनात उत्तर केव्हाच तयार होतं. ते तोंडापर्यंत यायचं आणि तिथे आधीपासून बसलेलं ते घाटातलं ‘नाही’ त्याला जागा देत नसे.

दारावर थाप पडली. शकूची थाप ओळखू येते, ती हाताने नव्हे, कोपराने मारते, कारण तिचे हात कधी मोकळे नसतात. शकू मूळची पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. बिरवाडीला कारखान्यांतल्या पोरांची खानावळ चालवते. तिचा सुनील बारावीत रसायनात अडकला होता, त्याला इरावतीने शिकवून बाहेर काढला, तेव्हापासून शकू वर्षातून दोन-तीनदा येते आणि इरावतीला ओरडून जाते.

“काय ओ बाई, जाताव ते सांगायचं नाय? मना बाजारात कलला!” तिने टेबलावरचा पसारा पाहिला. “यो काय, दुकान टाकलाव?”

“विमानात जेवण देत नाहीत म्हणून लोकांनी आणून दिलंय.”

“आमचा सुनील मुंबईला तितंच हाय ना. इमानाची जेवनं भरतात त्या भटारखान्यात. मी त्याला इचारला, रे, कसा असतो जेवान? म्हनतो, आये, दिसायला बेस असतो. मंग तू काय खातस? म्हनतो, मी घरशी डबा नेतो.” शकू खुर्चीत बसली आणि पदराखालून एक डबा काढून तिने टेबलावर ठेवला. ठण्ण असा आवाज झाला. इतका वेळ त्या टेबलावर काहीच वाजलं नव्हतं. “तांदळाच्या भाकऱ्या हायत, नि लसनाची चटनी. चटनी सुकी हाय, सांडायची नाय.”

डबा स्टीलचा होता. झाकणावर ठिपक्यांनी ‘शकू भिकू, बिरवाडी’ असं कोरलेलं होतं. इरावतीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“खानावलीचा डबा हाय. परत पायजे,” शकू म्हणाली.

“अगं, मी सिंगापूरला चाललेय.”

“जावा की. आमचा एक गडी काम सोडून अंकलेश्वरला गेला डबा घेऊन. सोडला काय मी? त्याच्या भावाला पकडला, यष्टीनं मागवला. आतमदी ढोकळा व्हता.”

“मी कदाचित लवकर नाही यायची, शकू.”

“कदाचित म्हंजी?” शकूने मान वाकडी केली. “येनार का नाय येनार? मी काय कदाचित भाकरी थापतंय?”

“थांब, तुझा डबा आत्ताच मोकळा करून देते,” असं म्हणून इरावती डबा घेऊन आत गेली. भाकऱ्या पातेल्यात काढल्या, डबा विसळला, पुसला, आणि सवयीने तिचा हात साखरेकडे गेला. साखर नव्हती. तूरडाळ नव्हती, रवा नव्हता, पोहे नव्हते. फडताळात मिठाची पुडी होती, भाकरीपुरतं पीठ होतं, बेसन होतं आणि वाटीत कमळाबाईंकडून मागून आणलेली, आपल्याच घरची चहाची पावडर होती. मीठ कोणी कोणाला डब्यात घालून देत नाही. पीठ-बेसन संध्याकाळचं होतं, आजच्या साडेचारचं, ते देववेना. मग ती बाहेर आली आणि टेबलावरच्या पुऱ्या भरू लागली. शकूने जवळ येऊन हुंगलं.

“ह्ये तुमच्या हातचा नाय. श्रीखंडाचा वास हाय याला.” तिने डबा ओढून घेतला, आत जाऊन पातेल्यातल्या भाकऱ्या पुन्हा रचून आणल्या, झाकण लावून वर हाताने दाबलं. “दुसऱ्याचा भरून देताव व्हय? नि रिकामा मी नेनार नाय. आल्यावर भरून द्या. नाचनीचं लाडू करा, तुमचं झ्याक व्हतात.” मग जरा थांबून, पडलेल्या आवाजात म्हणाली, “नायतर सांगा आताच. मी सुनीलला दुसरा डबा घ्यायला सांगतंय.”

फोन वाजला. इरावती रिसीव्हरकडे बघत राहिली. ते साडेचारच असावेत, कारण पोटात ओढ लागली होती. तिला आश्चर्य वाटलं, अशा वेळीही लागते.

“उचला की,” शकू म्हणाली, आणि जायला उठायच्या ऐवजी पाय वर घेऊन नीट बसली.

“आई, बोल पटकन, मी आज लवकर आलोय,” रुचिर म्हणाला. “ते बंद होईल. काय सांगू? बिर्याणी सांगू?”

“जाताना काही नको. माझ्याकडे भाकरी आहे.”

“आई, बाहेरचं चालत नाही तिथे...”

“बाहेरचं नाहीये, बिरवाडीचं आहे.” तिने डब्यावर हात ठेवला. स्टील गार होतं, आणि आतल्या भाकऱ्यांनी मधोमध कोमट. “रुचिर, मला येताना नूडल्स हव्यात.”

पंख्याचा आवाज आला. “येताना?”

“हो. कशा लागतात ते बघायचंय मला.”

“अगं, पण येतानाचं तिकीटच नाही काढलेलं.”

समोर शकू तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होती. खाली कमळाबाईंच्या घरात कपबशा वाजल्या. इरावतीने रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला नाही.

“मग काढ,” ती म्हणाली. “बाळाचं बारसं होऊ दे, दिशा हिंडूफिरू लागू दे. मग मी परत येणार आहे. इथे, माझ्या घरी.”